पोटातल्या मंडळींना काय वाढताय?

गेल्या अंकात ताकाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी म्हटलं होतं की पोट आणि शुगर याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून यावेळी अख्खं सदर यालाच दिलंय. नावं कुणाचीच टाकत नाही, आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत.

"डॉक्टर ताई, वय ५२, सहा वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. मुलाने एक व्हिडिओ दाखवला, त्यात सांगतात की डायबेटिस मुळात आतड्यातल्या बॅक्टेरियांमुळे होतो, चांगले बॅक्टेरिया पोटात गेले की गोळ्या सुटतात. तीन महिन्यांचा प्रोबायोटिक कॅप्सूलचा कोर्स आहे, साडेनऊ हजार रुपये. घेऊ का? आणि गोळ्या बंद करू का?" (एक वाचक, सांगली)

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. गोळ्या अजिबात बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही, जे काही बदलायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आता व्हिडिओबद्दल. त्यात अर्धी गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच तो पटतो. आपण जेवतो त्यातली साखर, पीठ, तेल, प्रथिनं लहान आतड्यात पचतात आणि रक्तात जातात, पण चोथा म्हणजे फायबर आपल्याला पचवताच येत नाही, तो तसाच खाली मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे ही जिवाणू मंडळी पंगतीला बसलेलीच असतात. किती असतील? इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला होता, साधारण ३८ लाख कोटी जिवाणू, आणि आपल्या स्वतःच्या शरीराच्या पेशी ३० लाख कोटी. एवढे असूनही सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास.

हे जिवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य जेवण, अस्तराच्या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा त्याच्यावरच जास्त जगतात. आणि याच आम्लांमुळे आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात, हो, तेच ज्याची वजन आणि शुगरसाठीची इंजेक्शनं हल्ली सगळीकडे चर्चेत आहेत. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं आणि मेंदूला सांगतं की आता पुरे. इंजेक्शनाएवढा जोर घरच्या जीएलपी-१ ला नसतो, तो अगदी थोडा आणि थोड्या वेळापुरता असतो, पण रोज तीन वेळा जेवतो म्हटल्यावर त्याला किंमत आहे.

२०१२ मध्ये चीनमध्ये ३४५ लोकांच्या आतड्यातले जिवाणू तपासले गेले, तेव्हा टाइप-२ डायबेटिसवाल्यांमध्ये ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी सापडले. पण कमी झाले म्हणून शुगर आली की शुगर आली म्हणून कमी झाले, हे नुसतं मोजून कळत नाही. म्हणून २०१८ चा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तोही चीनमधलाच, ४३ रुग्णांचा. दोन्ही गटांना औषध एकच. फरक इतकाच की एका गटाला भरपूर फायबरचं जेवण दिलं, वेगवेगळ्या प्रकारचं फायबर. १२ आठवड्यांनी फायबरवाल्या गटात ८९ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या खाली आली, दुसऱ्या गटात ५० टक्के लोकांची. गट लहान होता हे मान्य, तरी औषध तेच ठेवून ताट बदललं आणि एवढा फरक पडला हे मी पेशंटना आवर्जून सांगते.

आता कॅप्सूल. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ साली यापेक्षा कितीतरी पुढचं करून बघितलंय, सडपातळ माणसांच्या आतड्यातले जिवाणू मलासकट घेऊन ते नळीवाटे जाड आणि शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांत त्यांचं इन्सुलिन चांगलं काम करायला लागलं. सगळ्यांना आनंद झाला. मग पुढचा मोठा प्रयोग २०१७ मध्ये आला, त्यात १८ आठवड्यांनी बघितलं तर तो फायदा गेलेला होता. अख्खं गाव उचलून आणून वसवलं तरी ते टिकलं नाही, मग बाटलीतल्या दोन-चार जातींचं काय सांगावं. प्रोबायोटिकचा उपयोग काही ठराविक वेळी होतो, डॉक्टर तेव्हा ते लिहून देतातच, पण शुगरच्या गोळ्या सोडवणारा कोर्स म्हणून साडेनऊ हजार घालू नका. तेवढ्या पैशात घरात किती महिने पुरेल एवढी कडधान्यं येतील बघा.

आणि एक गोष्ट जी त्या व्हिडिओत बहुतेक सांगितली नसेल. तुम्ही जी मेटफॉर्मिन घेताय तिचं बरंचसं काम आतड्यातच चालतं असं म्हटलं तरी चालेल. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात नव्याने मेटफॉर्मिन सुरू केलेल्या लोकांचे जिवाणू चार महिन्यांनी घेऊन उंदरांना दिले, तर उंदरांची साखर पेलायची ताकद सुधारली. म्हणजे ही गोळी त्या मंडळींनाही बदलते. ती बंद करून 'बॅक्टेरिया सुधारायचे' हे उलटंच झालं ना.

"पोळी बंद करून तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी सुरू केली तरी जेवणानंतरची शुगर २२० च येते. भाकरीने शुगर वाढत नाही म्हणतात ना? आणि शिळ्या भाताबद्दल ऐकलंय ते खरं का?" (एक मैत्रीण, नाशिक)

ताई, भाकरीनेही शुगर वाढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे बघा, १०० ग्रॅम ज्वारीत फायबर १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा, नाचणीत ११, आणि अख्ख्या गव्हाच्या पिठातही ११ च्या पुढेच. म्हणजे गहू वाईट आणि ज्वारी औषध असं काही नाहीये. पांढऱ्या तांदळात मात्र पावणेतीन.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंची हीच तक्रार होती, 'सगळं करते तरी शुगर हलत नाही'. एकदा त्यांच्या घरी जायचा योग आला, स्वयंपाकघरात बघितलं तर पिठाच्या डब्यावर मैद्याची बारीक चाळणी, आणि शेजारी एका परातीत चाळून काढलेला कोंडा, गाईला द्यायला ठेवलेला. गिरणीतून चांगलं पीठ आणायचं आणि घरी येऊन जिवाणूंचं सगळं जेवण गाईला घालायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं, कारण पोळ्या मऊ हव्यात. तुमच्याकडे काय होतं ते बघा. भाकरीचं पीठही हल्ली फार बारीक दळून आणतात, जितकं बारीक तितकं लवकर पचतं आणि शुगर लवकर चढते.

खरी गंमत धान्यात नाही, कडधान्यात आहे. अख्खे मूग १०० ग्रॅमला १७, हरभरे २५. पेरू घ्या, साडेआठ. आपल्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम फायबर हवं, आणि ते जमवायला काही परदेशी बिया लागत नाहीत. दोन-तीन भाकऱ्या म्हणजे १०० ग्रॅम पीठ, त्याचे १०. मूठभर मटकीची उसळ, तिचे साडेचार-पाच. गवारीची भाजी, परत तेवढेच. आणि एक पेरू. झाले की नाही तीसच्या जवळ! फक्त तिन्ही त्रिकाळ ज्वारी नको, ज्वारी, बाजरी, नाचणी, मूग, मटकी, चवळी, पालेभाजी असं फिरतं ठेवा, कारण प्रत्येक जातीच्या जिवाणूला वेगळ्या प्रकारचा चोथा लागतो.

शिळ्या भाताने शुगर कमी चढते म्हणतात ते खरं आहे, पण फरक फार मोठा नाही. भात शिजून गार झाला की त्यातला थोडा स्टार्च घट्ट होऊन बसतो, तो लहान आतड्यात पचत नाही, खाली जिवाणूंना मिळतो. इंडोनेशियातल्या एका अभ्यासात ताज्या भातात असा स्टार्च १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम निघाला, २४ तास फ्रिजमध्ये ठेवून परत गरम केलेल्या भातात १.६५. म्हणजे एक ग्रॅमचा फरक. शुगर थोडी कमी चढते हे नक्की, पण म्हणून दोन वाढी भात खायची परवानगी मिळाली असं समजू नका. आणि कृपा करून भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आपल्या हवेत त्यात विषारी जिवाणू वाढतात, उलट्या-जुलाब होतात. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये.

अजून एक करून बघा. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर असते, ती बहुतेक घरांत शेवटपर्यंत तशीच राहते. ती आणि भाजी-उसळ आधी खायची, भाकरी किंवा भात त्यानंतर. नुसत्या या क्रमाने जेवणानंतरची शुगर कमी चढते हे अभ्यासात दिसलंय. मग शतपावली, खरी दहा-पंधरा मिनिटांची. आठ दिवसांनी परत मोजा आणि मला कळवा, मी वाट बघतेय.

"चहात शुगर-फ्रीची गोळी चालते का? बॅक्टेरिया मरतात म्हणे." (कोल्हापूर)

मरतात असं नाही. २०२२ मध्ये इस्रायलमध्येच १२० निरोगी लोकांवर हे बघितलंय, सॅकरिन आणि सुक्रालोजने दोन आठवड्यांत साखर पेलायची ताकद थोडी बिघडली, आणि तपासलेल्या चारही स्वीटनर्सनी जिवाणूंची ठेवण बदलली, पण प्रत्येकात सारखी नाही. दोन कप चहातल्या दोन गोळ्यांनी घाबरायचं कारण नाही. साखरेपेक्षा त्या बऱ्याच. पण गोडाची सवय हळूहळू कमी करता आली तर सगळ्यात उत्तम.

"सासरे ७४ वर्षांचे, २० वर्षांपासून डायबेटिस. सहा-सात महिन्यांत विसरायला लागलेत, तेच तेच विचारतात, परवा नेहमीच्या दुकानातून घरी यायचा रस्ता चुकले. वाचलं की अल्झायमर म्हणजे टाइप-३ डायबेटिस आणि त्याचं मूळ पोटात असतं. त्यांचं जेवण बदललं तर फरक पडेल का? रात्री झोप लागत नाही या विचाराने." (एक सून, ठाणे)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्यात आधी एक विनंती, जेवणाचं नंतर बघू, या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि तीन गोष्टी विचारा.

पहिली, बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं, आणि बी-१२ कमी पडलं की पायाची आग, मुंग्या, तोल जाणं आणि विसरणं हे सगळं होऊ शकतं. आपल्याकडे ते मुळातच कमी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. घरात शाकाहार असेल आणि वर मेटफॉर्मिन, तर तपासल्याशिवाय राहूच नका. वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी भरून येतं, उशीर झाला तर नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. माझ्या इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटलीये, की एवढी साधी तपासणी, आणि कुणी सांगितलीच नाही.

दुसरी, शुगर मध्येच फार खाली जातेय का? पहाटे घाम येतो का, संध्याकाळी जेवणाआधी चिडचिड, गोंधळ? या वयात शुगर खूप खाली जाणं मेंदूला जास्त धोक्याचं, म्हणून वयस्कर माणसांचा एचबीएवनसी अगदी ६.५ वर आणायचा हट्ट डॉक्टरही धरत नाहीत. त्यांना सल्फोनिलयुरियाची गोळी, म्हणजे ग्लिमेपिराइडसारखी, किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे नक्की विचारा. तिसरी, बीपी, थायरॉइड, कानाने कमी ऐकू येणं, आणि मनाने खचणं, हे सगळं विसरण्यासारखंच दिसतं किंवा त्यात भर घालतं.

आता टाइप-३ डायबेटिस. हे नाव २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी वापरलं, अल्झायमर झालेल्या मेंदूत इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही असं दिसलं म्हणून. ते निदान नाही, कुठल्या रिपोर्टवर तुम्हाला ते लिहिलेलं दिसणार नाही. पण डायबेटिस असला की डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढतो हे मात्र पक्कं आहे, बारीक रक्तवाहिन्या जशा डोळ्यांच्या आणि किडनीच्या खराब होतात तशा मेंदूच्याही होतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात डायबेटिस आहे, बीपी आहे, कमी ऐकू येणंही आहे, आणि ही सगळी सांभाळली तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे.

पोटाचा आणि मेंदूचा संबंध खरा आहे का, तर हो, आणि मी तो डोळ्यांनी बघितलाय. लिव्हर खराब झालेले एक आजोबा होते माझ्याकडे. नातवाच्या लक्षात आलं की आजोबा शर्टाची बटणं एक घर चुकवून लावतायत, दिवसा झोपतायत आणि रात्रभर जागतायत. हात पुढे करायला सांगितले तर पंजे फडफडत होते. तो मेंदूचा आजार नव्हता, आतड्यातले जिवाणू अमोनिया बनवतात, चांगलं लिव्हर तो साफ करतं, यांचं लिव्हर थकलेलं म्हणून तो अमोनिया मेंदूपर्यंत पोचत होता. उपचार काय? लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ करायचं गोड औषध, जे जिवाणू आंबवतात आणि त्यातून झालेल्या आम्लामुळे अमोनिया आतड्यातच अडकून राहतो. तीन दिवसांनी आजोबांनी मला नातवाच्या परीक्षेचे मार्क सांगितले, बटणं सरळ होती. औषध पोटात दिलं आणि डोकं ताळ्यावर आलं, हे डॉक्टर मंडळी कित्येक दशकं करतायत.

पण अल्झायमरमध्ये असं अजून झालेलं नाही, हे तुम्हाला सरळ सांगते. आतड्यातून मेंदूकडे व्हेगस नावाची जाड नस जाते, तिच्यातली बहुतेक वाहतूक खालून वर असते, शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं (ते थेट मेंदूत जात नाही, तिकडचं वेगळं), हे सगळं खरं, तरी कुठलंही खाणं अल्झायमर मागे फिरवतं असा पुरावा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ६०४ लोकांना तीन वर्षं मेंदूसाठीचा खास आहार देऊन बघितला, नेहमीच्या खाण्यात थोडं कमी जेवणाऱ्या गटापेक्षा फार फरक दिसला नाही. त्याउलट फिनलंडमध्ये १२६० लोकांना, वय ६० ते ७७, दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-शुगरची काळजी असं सगळं एकत्र दिलं तेव्हा त्यांची बुद्धी जास्त चांगली टिकली. म्हणून एकट्या जेवणावर भार टाकू नका. सासऱ्यांना भाजी निवडायला बसवा, संध्याकाळी कुणीतरी बरोबर चालायला जा, ताटात उसळ-भाजी वाढवा, आणि रस्ता चुकलेत तर खिशात घरच्या नंबराची चिठ्ठी आजपासूनच ठेवा. तुम्ही एकटीने हे ओढू नका, नवऱ्याला, नणंदेला वाटून द्या, अगदी वार ठरवून द्या.

"आईला कायमची बद्धकोष्ठता आहे. पार्किन्सन पोटातून सुरू होतो म्हणतात, तिला होईल का?" (लातूर)

पार्किन्सन झालेल्या बऱ्याच लोकांना थरथर सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधीपासून बद्धकोष्ठता असते, हे खरं. पण उलटं तसं नाही. पोट साफ न होणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना पार्किन्सन कधीच होत नाही, त्यांना पाणी, चोथा आणि चालणं कमी पडलेलं असतं. आईला वास येणं कमी झालंय का, झोपेत हातपाय झाडते, ओरडते का, अक्षर बारीक होत चाललंय का, चालताना एक हात हलत नाही का, यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. नसेल तर रात्री एक चमचा इसबगोल, पण पेलाभर पाण्यासोबतच.

"इथे किमची, कोंबुचा मिळतं, त्याचं फार कौतुक चालू आहे. आपल्याकडचं काय चालेल?" (एक वाचक, सध्या न्यू जर्सी)

किमची म्हणजे आंबवलेला कोबी आणि कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ ला ३६ लोकांवर प्रयोग झाला, ज्यांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले त्यांच्या पोटात जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. पण ते लोक दिवसाला सहा वाढी खात होते, एक चमचा नाही.

आपल्याकडे दही आणि ताक आहे, त्याला तोड नाही. इडली, ढोकळा, आंबोळी आंबवलेले असले तरी शिजवताना जिवाणू मरतात, पचायला हलके हा फायदा राहतो पण जिवंत जिवाणू नाही मिळत. आंबील माझी आवडती. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे पूर्ण गार झाल्यावर वरून वाटीभर ताजं ताक घालायचं, लसूण, जिरं, मीठ. त्यात चोथाही आला आणि जिवाणूही. शुगरवाल्यांनी एक पेला, जेवणाचाच भाग समजून. कैरीचं लोणचं मात्र यात धरू नका, त्यात तेल आणि मीठच जास्त, आंबणं नावापुरतं. कोंबुचा घेणार असाल तर बाटलीमागची साखर वाचा.

"तुमचं वाचून उसळ सुरू केली आणि गॅसने जीव नकोसा झालाय." (सोलापूर)

एकदम सुरू केली असणार! जिवाणूंना एवढ्या चोथ्याची सवय नसते, अचानक पंगत वाढली की गॅस होणारच. पहिले आठ दिवस पाव वाटी, मग अर्धी, पूर्ण वाटीला तीन-चार आठवडे लागू देत, आणि पाणी वाढवा. मुगापासून सुरुवात करा, हरभरा-राजमा सगळ्यात शेवटी. महिनाभराने पण पोट फुगतच असेल, किंवा वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय असं असेल तर उसळीला दोष न देता डॉक्टरांना दाखवा. आणि कडधान्य ज्या पाण्यात भिजवलं ते पाणी टाकून द्या, भाजीत घालू नका, गॅस करणारी साखर काही प्रमाणात त्या पाण्यात उतरलेली असते.